रोडिओतील उसळणारे घोडे

रोडिओतील उसळणारे घोडे : पाठीवरील स्वारास पाडण्यासाठी डोके खाली घालून, पाठीची कमान करून व मागील पाय झाडून उसळ्या मारणारे आणि याच गुणासाठी राखलेले घोडे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत रोडिओ हा गुराख्यांच्या (काउबॉय) कौशल्यांचा स्पर्धात्मक खेळ म्हणून रूढ आहे. ‘रोडिओ’ हा शब्द ‘वेढणे’ या अर्थाच्या ‘रोदेआर’ या स्पॅनिश क्रियापदावरून आला असून मोकळ्या कुरणातील गुरे चहूबाजूंनी वेढून एकत्र आणणे, असा त्याचा मूळ अर्थ होता. ‘ब्रॉन्को’ (रांगडा, न माणसाळलेला) हा शब्दही स्पॅनिशच आहे. मराठीत घोड्याच्या संदर्भात ‘दुगाण्या झाडणे’ व ‘उधळणे’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत. तथापि प्रस्तुत क्रिया या दोहोंहून वेगळी आहे. दुगाणी ही मागे उभ्या असलेल्यावर झाडली जाते, उधळलेला घोडा पळून जाऊ पाहतो. उसळणारा घोडा मात्र पाठीवरचे ओझे फेकण्याच्या उद्देशाने जवळजवळ जागच्या जागी झुंजतो.

घोडा हा मूलतः पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. पळणे अशक्य झाल्यासच तो प्रतिकार करतो. पाठीवर झेप घेऊन मानेचा चावा घेणाऱ्या हिंस्र पशूस झटकून टाकण्याच्या सहजप्रवृत्तीतून उसळी मारण्याची क्रिया उत्क्रांत झाली असावी, असे सामान्यतः मानतात. शिंगरे मोकळ्या कुरणात खेळतानाही अशा उसळ्या मारतात. यावरून या क्रियेमागे प्रत्येक वेळी वेदना असतेच असे नाही, हे उघड होते. याउलट स्वारीच्या माणसाळलेल्या घोड्याने एकाएकी उसळ्या मारण्यास सुरुवात केल्यास जाणकार पशुवैद्य प्रथम त्याची पाठ, खोगीर व तंग तपासतात, कारण पाठदुखी व न बसणारे खोगीर ही तिची नेहमीची कारणे होत. एकच क्रिया खेळ, भय, वेदना व सवय अशा चार निरनिराळ्या कारणांनी घडू शकते आणि रोडिओतील घोड्यांविषयीचा बहुतेक वाद त्यांपैकी कोणते कारण खरे मानावयाचे यावरच अडला आहे.

इतिहास : अमेरिका खंडातील मूळ घोडे हिमयुगाच्या अखेरीस नष्ट झाले होते. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत (१४९३) कॅरिबियन बेटांवर आणि कोर्तेसबरोबर १५१९ मध्ये मेक्सिकोच्या भूमीवर स्पॅनिश घोडे पुन्हा आले. त्यांतून सुटलेल्या घोड्यांची प्रजा म्हणजेच उत्तरेकडील गवताळ प्रदेशांतील ‘मस्टँग’ घोडे. मेक्सिकोतील गुराखी (बाकेरो) घोडा माणसाळविणे, फास टाकणे इ. कामांत निष्णात होते. टेक्ससमधील इंग्रजी भाषिक गुराख्यांनी ही विद्या, तीतील साधने व बरेचसे शब्दही त्यांच्याकडूनच घेतले. पुढील काळातील अमेरिकी लोकवाङ्मयात या ऋणाचा उल्लेख अभावानेच आढळतो.

यादवी युद्धानंतर (१८६१—६५) टेक्ससमधील गुरांचे तांडे कॅनझसमधील रेल्वे-स्थानकांपर्यंत हाकत नेण्याचा धंदा भरभराटीस आला. प्रत्येक गुराख्यास अनेक घोडे लागत. हे घोडे तीन-चार वर्षांचे होईपर्यंत कुरणात मोकळे वाढत आणि मग थोड्या दिवसांत स्वारीस तयार केले जात. या कामासाठी गुरांच्या मळ्यांवरून हिंडणारे चाबूकस्वार असत व त्यांना घोड्यामागे ठराविक मोबदला मिळे. मोबदला नगावर असल्याने घोडा हळूहळू माणसाळविण्यास वेळ देणे त्यांना परवडत नसे. त्याला बांधावयाचे, त्याच्यावर खोगीर चढवावयाचे आणि तो दमून उसळ्या थांबवीपर्यंत पाठीवर टिकून राहावयाचे, हीच रूढ रीत होती. काही घोडे या उपचाराने माणसाळत. काहींना मात्र त्यातून स्वार पाडण्याचीच विद्या अवगत होई. असे बिघडलेले घोडे मळ्याच्या कामास निरुपयोगी ठरत, परंतु सुटीच्या दिवशी दोन मळ्यांच्या गुराख्यांमध्ये पैजा लागत तेव्हा त्यांचीच आठवण होई. रोडिओतील घोड्याचा उगम असा फसलेल्या शिक्षणात आहे, ही गोष्ट त्याच्या पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कोलोरॅडोतील डिअर ट्रेल येथे ४ जुलै १८६९ रोजी झालेली स्पर्धा ही अशा प्रकारची नोंदलेली पहिली स्पर्धा मानतात. ती एमिल्नी गार्डनशायर या इंग्रज गुराख्याने जिंकली व त्याला बक्षीस म्हणून कपड्यांचा जोड मिळाला, असे सांगतात. पेकॉस (टेक्सस, १८८३), प्रेस्कॉट (ॲरिझोना, १८८८) ही गावेही पहिलेपणाचा मान सांगतात. या वादाचा निर्णय ‘रोडिओ’ कशास म्हणावयाचे यावर अवलंबून आहे. १८७४ मध्ये काटेरी तारेचे एकस्व घेतले गेले आणि पुढे कुरणांना कुंपणे पडू लागली. १८८६—८७ च्या कडक हिवाळ्यात असंख्य गुरे मेली. मोकळ्या कुरणांचा धंदा यामुळे संपुष्टात आला आणि काम गमावलेल्या गुराख्यांचे कौशल्य करमणुकीचा विषय झाले. विल्यम कोडी ऊर्फ ‘बफेलो बिल’ याने १८८३ पासून आपला ‘वाइल्ड वेस्ट’ हा खेळ गावोगाव व पुढे यूरोपातही नेला. शायेन (वायोमिंग, १८९७), पेंडलटन (ऑरेगन, १९१०) व कॅलगरी (कॅनडा, १९१२) येथील महोत्सव याच सुमारास सुरू झाले व ते आजही भरतात.

या पहिल्या कालखंडातील सर्वांत प्रसिद्ध घोडा म्हणजे वायोमिंगमधील ‘स्टीमबोट’ (सु. १८९६—१९१४) होय. लहानपणी खच्चीकरण व डागणी यांसाठी त्याला जमिनीवर पाडले असता त्याचे डोके आपटून नाकाचे हाड मोडले. त्यामुळे धाप लागली, की त्याच्या नाकपुड्यांतून आगबोटीच्या शिट्टीसारखा आवाज येई व त्यावरूनच त्याला हे नाव पडले. म्हणजे ज्या आवाजासाठी प्रेक्षक गर्दी करीत, तो माणसाच्या हातून झालेल्या इजेचा आवाज होता. त्याच्यावर टिकून राहणे मोजक्याच स्वारांना साधले. १९१४ मध्ये काटेरी तारेची जखम चिघळल्यामुळे त्याला ठार करावे लागले. वायोमिंग राज्याच्या मोटारींच्या क्रमांकपट्टीवर १९३६ पासून उसळणारा घोडा व स्वार यांचे चित्र आहे. ते स्टीमबोटचेच, असा लोकांचा समज आहे. कॅनडातील ॲल्बर्टा प्रांतात जन्मलेल्या ‘मिडनाइट’ या काळ्या घोड्याची कीर्तीही अशीच होती. तो १९३६ मध्ये मेला. त्याचे अवशेष पुढे ओक्लाहोमा सिटी येथील गुराख्यांच्या संग्रहालयाच्या आवारात नेऊन पुरण्यात आले.

आरंभी स्पर्धेस कालमर्यादा नव्हती. घोडा उसळणे थांबवी किंवा स्वार पडे तेव्हा फेरी संपे. मोकळ्या मैदानात घोड्याचे कान पिळून वा डोळे बांधून त्याच्यावर खोगीर घालीत. अरुंद लाकडी कोंडीतून (शूट) घोडा रिंगणात सोडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली आणि फेरीची मुदतही कमी होत होत आठ सेकंदांवर स्थिरावली. या दोन्ही सुधारणा प्रेक्षकांच्या व आयोजकांच्या सोयीसाठी झाल्या, परंतु त्यांचा लाभ घोड्यालाही मिळाला : दमून खचेपर्यंत झुंजण्याची पाळी त्याच्यावर येईनाशी झाली. स्त्रियाही या काळात घोड्यांच्या स्पर्धांत उतरत. पेंडलटन येथे १९२९ मध्ये बॉनी मॅकॅरोल ही नामांकित स्वार घोड्याखाली सापडून जबर जखमी झाली व काही दिवसांनी मृत्यू पावली. त्यानंतर तेथील स्त्रियांची घोड्यावरील स्पर्धा बंद झाली; घोड्यांविषयीच्या नियमांत मात्र त्या अपघाताने काही फरक पडला नाही.

स्पर्धेचे स्वरूप व साधने : खोगिरासह व खोगिराविना असे या स्पर्धेचे दोन प्रकार आहेत. खोगिराच्या प्रकारात घोड्याच्या तोंडात लगामाची कडी नसते. स्वाराच्या एका हातात म्होरकीला बांधलेली वेणीदार जाड दोरी असते व दुसरा हात मोकळा ठेवावा लागतो. खोगिराविना स्पर्धेत घोड्याच्या खांद्यामागे तंगाने आवळलेली कातडी मूठ एका हाताने धरावयाची असते. घोडा कोंडीतून बाहेर पडून त्याचे पुढचे पाय प्रथम जमिनीस टेकतील त्या क्षणी स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या पुढे असल्या पाहिजेत, असा नियम आहे. सामान्यतः दोन पंच असतात व प्रत्येक पंच घोड्यास पंचवीसपैकी व स्वारास पंचवीसपैकी गुण देतो. शंभरांपैकी निम्मे गुण अशा रीतीने घोड्याचे असतात. घोड्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून होत असल्याने निरुत्साही घोडा वाट्यास आलेला उत्तम स्वारही मागे पडतो. यामुळेच घोड्याच्या उसळीला बाजारभाव आला.

सर्वाधिक टीका दोन साधनांवर होते : टाचेची आर व कमरपट्टा. आरेची चकरी बोथट व सैल फिरणारी असावी, असा व्यावसायिक संघटनेचा नियम आहे. घोड्याचे कातडे जाड असल्याने अशा आरेने जखम होत नाही, असे आयोजक म्हणतात. हे विधान अर्धेच खरे आहे, कारण अंगावर बसलेली माशीही घोड्यास जाणवते व ती उडविण्यासाठी तो तेवढीच कातडी थरथरवितो. जखम न होणे आणि न टोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कमरपट्टा हा मेंढीच्या लोकरीचे किंवा मऊ रबराचे अस्तर लावलेला पट्टा असून तो बरगड्यांच्या मागे, मागील मांड्यांच्या पुढे बांधतात व घोडा कोंडीतून सुटताना ओढून घट्ट करतात. या पट्ट्याने घोड्याचे वृषण आवळले जातात हा सर्वत्र पसरलेला समज चुकीचा आहे. पट्ट्याची जागा वृषणांच्या बरीच पुढे असते, शिवाय रोडिओतील पुष्कळशी जनावरे खच्ची केलेले घोडे व घोड्या असतात. असा निराधार आरोप पुनःपुन्हा केल्यामुळे टीकाकारांनी आपलीच बाजू दुबळी केली आहे. कमरपट्ट्याविषयीचा खरा प्रश्न निराळा आहे. या पट्ट्याची जाणीव घोड्यास नकोशी असते आणि ती झटकण्यासाठी तो मागचे पाय अधिक उंच व अधिक सरळ झाडतो. फेरी संपताच घोडेस्वार साहाय्यक जवळ येऊन पट्टा सैल करतो. त्रास देणारी वस्तू उसळल्यानंतर निघून जाते, हे घोडा काही फेऱ्यांतच शिकतो. स्वार पडल्यानेही हाच धडा दृढ होतो. अनुभवी घोडे पट्टा सैल होताच शांतपणे दाराकडे जाताना दिसतात, ते यामुळेच. घोडा ‘स्वखुशीने’ उसळतो हे आयोजकांचे म्हणणे आणि तो ‘छळामुळे’ उसळतो हे विरोधकांचे म्हणणे या दोहोंपेक्षा, उपजत प्रवृत्तीला नकोशा संवेदनेची जोड देऊन तिचे सवयीत रूपांतर केले जाते, हे वर्णन वस्तुस्थितीस अधिक धरून आहे.

पैदास : पहिल्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर व मोटारी आल्या आणि घोड्यांची मागणी घसरली. १९२० नंतरच्या काळात पश्चिमेकडील मोकाट घोडे मोठ्या संख्येने पकडून पाळीव जनावरांच्या खाद्यासाठी कापले गेले. बिघडलेल्या घोड्यांचा स्वस्त पुरवठा त्यामुळे आटत गेला. मोकाट घोड्यांना संरक्षण देणारा संघराज्याचा कायदा १९७१ मध्ये झाल्यावर तो मार्ग पूर्णच बंद झाला. तेव्हा रोडिओतील घोडे ‘रानटी’ असतात ही प्रेक्षकांची समजूत बऱ्याच काळापासून निराधार आहे. मंटॅना राज्यातील ईकलाका येथील फीक टूक या पशुपालकाने १९३० नंतरच्या काळात शायर जातीच्या अवजड वळू घोड्याचा हलक्या घोड्यांशी संकर करून मुद्दाम उसळण्यासाठी घोडे पैदा करण्यास प्रारंभ केला. बिघडलेला घोडा हा अपघात असतो, उसळणारा घोडा मात्र जन्मास घालता येतो, ही त्याची दृष्टी प्रारंभी हास्यास्पद ठरली. पण त्याच्या रक्ताचे घोडे पुढे सर्वत्र पसरले. १९६८ मध्ये ओक्लाहोमा सिटी येथील राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत आपल्या घोड्यास मिळालेला सन्मान स्वीकारल्यानंतर लगेचच त्याचे निधन झाले. कॅलगरीच्या संस्थेने १९६१ मध्ये ॲल्बर्टातील हॅना येथे विस्तीर्ण कुरण घेऊन स्वतःचा पैदास-कळप उभा केला. त्यातील ‘ग्रेटेड कोकोनट’ या वळू घोड्याला खोगिराविना प्रकारातील वर्षाचा सर्वोत्तम घोडा हा मान सहा वेळा मिळाला. हे घोडे बहुधा ५०० ते ७०० किग्रॅ. वजनाचे असतात, चौथ्या-पाचव्या वर्षी रिंगणात येतात व काही विशीपर्यंतही काम करतात. तरुण घोड्यांना प्रारंभी माणसाऐवजी दूरनियंत्रणाने सुटणारी हलकी पेटी पाठीवर बांधून पारखतात.

पैदाशीमुळे घोड्याच्या स्थितीत मोठा पालट झाला. मोल चढल्याने त्याचे खाणे, दात, खूर व विश्रांती यांकडे लक्ष पुरविले जाऊ लागले. वर्षातील बहुतेक काळ हे घोडे कळपाने मोकळ्या कुरणात असतात. रोजच्या खोगिरात व बंद तबेल्यात दिवस काढणाऱ्या अनेक शर्यतींच्या घोड्यांच्या वाट्यास हे सुख येत नाही. परंतु हे मोल उसळीचे आहे, घोड्याचे नव्हे. मंटॅनातील माइल्स सिटी येथे १९५१ पासून उसळणाऱ्या घोड्यांचा वार्षिक लिलाव भरतो. रोडिओच्या कंत्राटदारांनी न निवडलेली जनावरे अशा बाजारांतून कसायांकडे जात, ही गोष्ट त्या व्यवसायात कधीच गुपित नव्हती. अमेरिकेतील घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद पडल्यानंतर असे घोडे लांबचा प्रवास करून कॅनडा व मेक्सिकोत जाऊ लागले. स्मारक उभारले गेलेले घोडे थोडेच असतात.

इजा व त्यांची मोजणी : गुराख्यांनी १९३६ मध्ये बॉस्टन येथे संप करून आपली पहिली संघटना स्थापिली, तिचेच पुढे १९४५ मध्ये ‘रोडिओ काउबॉइज असोसिएशन’ व १९७५ मध्ये ‘प्रोफेशनल रोडिओ काउबॉइज असोसिएशन’ असे नामांतर झाले. तिने १९४७ मध्ये जनावरांच्या वागणुकीविषयी पहिले नियम केले. त्यांची संख्या आता साठांहून अधिक असून त्यांनुसार स्पर्धास्थळी पशुवैद्य असावा लागतो; आजारी वा लंगडे जनावर वापरता येत नाही. मात्र गावोगाव भरणारे पुष्कळ रोडिओ या संघटनेच्या कक्षेबाहेर आहेत व तेथे हे नियम बंधनकारक नाहीत.

१९९० नंतरच्या दशकात या संघटनेच्या २८ रोडिओंची पशुवैद्यांकरवी पाहणी झाली. तीत जनावरांच्या ३३,९९१ फेऱ्यांत १६ जनावरांना इजा झाल्याचे, म्हणजे प्रमाण ०·०४७ टक्के असल्याचे नोंदविले गेले. आयोजक हा आकडा वारंवार पुढे करतात. तो खोटा मानण्याचे कारण नाही, परंतु त्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. तो सर्व प्रकारच्या स्पर्धांचा एकत्रित आहे. शिवाय तो फेरीमागे आहे, जनावरामागे नाही. एकच घोडा हंगामात अनेक फेऱ्या करतो. त्यातील प्रत्येक फेरी काही सेकंदांचीच असते, म्हणून तासांच्या हिशेबाने तेच प्रमाण निराळे भासेल. पाठीच्या कण्याची झीज वा स्नायूंची दुखापत त्या दिवशी दिसतच नाही. घोड्यांना होणाऱ्या गंभीर इजा मुख्यतः पायाचे हाड मोडणे व कुंपणावर आदळून मान वा कणा मोडणे या असतात. कॅलगरी येथे २०१० मध्ये एका घोड्याचा उसळताना कणा मोडून अंत झाला. रिंगणाबाहेरील धोकेही कमी नाहीत. ॲल्बर्टा प्रांताच्या शताब्दीनिमित्त २००५ मध्ये सु. २०० घोडे कुरणापासून कॅलगरीपर्यंत जुन्या पद्धतीने हाकत नेण्यात आले. शहराजवळ बो नदीवरील पुलावर बुजून काही घोड्यांनी खाली उड्या घेतल्या व नऊ घोडे प्राणास मुकले. रिंगणात निर्भय वाटणारा घोडा मूलतः कळपाचा व भयाचा प्राणी आहे, हे या दुर्घटनेत जसे दिसले तसे स्पर्धेत क्वचितच दिसते.

अलीकडे कॅलगरी विद्यापीठातील संशोधकांनी टेंपल ग्रँडिन या पशुवर्तनतज्ञांच्या सहकार्याने कोंडीतील घोड्यांच्या वर्तनाची पद्धतशीर निरीक्षणे केली. अनुभवी घोड्यांपेक्षा नवखे घोडे कोंडीत अधिक अस्वस्थ असतात, हा त्यांतील एक निष्कर्ष होय. डोळ्यांचे पांढरे दिसणे, मागील पायांवर उभे राहणे, पुढे जाण्यास नकार देणे ही अस्वस्थतेची लक्षणे समजतात. अनुभवी घोड्याचे शांत उभे राहणे म्हणजे भीती गेल्याचे चिन्ह की प्रतिकार सोडल्याचे, हे केवळ बाह्य वर्तनावरून ठरविणे अवघड आहे. कोंडीत आदळआपट करणारा घोडा स्वतःला व स्वाराला इजा करतो, म्हणून चांगले कंत्राटदार असा घोडा स्वतःहून काढून टाकतात.

कायदे : या विषयावरील पहिला महत्त्वाचा कायदा ब्रिटनमध्ये झाला. टेक्स ऑस्टिन या अमेरिकी आयोजकाने १९२४ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानात रोडिओ भरविला. तेथे फास टाकताना एका बैलाचा पाय मोडल्याने गदारोळ झाला. प्राणिदया संस्थेने भरलेला खटला फसला; पण ऑस्टिन १९३४ मध्ये पुन्हा आला तेव्हा संसदेने त्याच वर्षी कायदा करून न माणसाळलेल्या घोड्यांवर व गुरांवर जाहीर खेळात फास टाकणे, त्यांना पाडणे आणि क्रूर साधनांनी डिवचून उसळणाऱ्या जनावरावर स्वारी करणे यांस बंदी घातली. या कायद्याने उसळणाऱ्या घोड्यावरील स्वारीस नव्हे, तर उसळविण्याच्या क्रूर साधनांस आक्षेप घेतला, हे लक्षणीय आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराने पुढे हीच दिशा धरून कमरपट्टा, विजेची काठी व टोकदार आर यांना मनाई केली. परिणामी तेथे रोडिओ भरविणे अशक्यप्राय झाले. संघराज्याच्या प्राणिकल्याण कायद्यात मात्र १९७० च्या दुरुस्तीने प्राण्यांचे खेळ करणाऱ्यांचा समावेश झाला तेव्हा रोडिओंना स्पष्टपणे वगळले गेले. ऑस्ट्रेलियात राजधानीच्या प्रदेशात रोडिओंवर बंदी आहे, तर इतरत्र ते चालतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मॅरबेल येथे ‘क्युरिओ’ या घोडीवर १९५३ पर्यंत कोणीही टिकू शकले नव्हते; त्या गावात आज तिचे स्मारक आहे.